गाडी धक्के मारायची थांबली तेव्हा

बाबा, पाय कापल्यावर तुम्ही अंगणात बसणं सोडलंत, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. डोंगरकडा गावातलं आपलं घर रस्त्याला लागून. तुम्ही जिंदगीभर हिंगोली-नांदेड लाइनीवर एसटीची लाल गाडी चालवली, म्हणून ओळखीचे ड्रायव्हर घरासमोरून जाताना हॉर्न वाजवायचे आणि तुम्ही हात वर करायचात. शुगरमुळे आधी बोट गेलं, मग घोट्यापासून पाय. त्यानंतर हॉर्न वाजला की तुम्ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड फिरवायचात. भाकरी चिवडून ताट सरकवायचात. मी तेव्हा नांदेडला कम्प्युटरचा डिप्लोमा करत होते, सुट्टीला गावी यायचे. घरात माणसं तीन, पण बोलायचो आई आणि मी, दोघीच.

अभ्यासासाठी जुना कम्प्युटर आणला आणि तुमच्याच खोलीत मांडला, कारण प्लग तिथंच होता. मैत्रिणीनं दिलेला मोटारींचा गेम मी सहज लावला. पाठीमागून तुमचा आवाज आला, "ही गाडी धक्के काहून मारून राहिली? क्लच गेला का तिचा?" आई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. किती दिवसांनी तुम्ही आपण होऊन काही विचारलं होतं! मी सांगितलं की मशीन जुनं आहे, चित्रं भराभर काढायला पुरं पडत नाही, म्हणून गाडी अडखळते. "मग दुरुस्त कर की," तुम्ही म्हणालात आणि पलंगावरून खुर्चीत यायला हात पुढे केलात.

प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, हे मी मैत्रिणीकडून शिकले होते. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, असं मी सांगितल्यावर तुम्ही क्षणभर विचार केलात. "म्हंजे स्पीड लॉक तोडायचं. डेपोत कळलं तर मेमो भेटतो माय." हसलात. मग आपलं सुरू झालं. मी सेटिंगमध्ये वेग थोडासा वाढवायची, मशीन परत चालू करायची, चाचणी लावायची. त्या चाचणीत गेममधली गाडी आपली आपणच रस्ता कापते आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती चित्रं निघाली ते येतं. एकदा जास्तच वाढवलं तर पडदा काळा. आई म्हणाली, "झालं, मोडलं ह्या बाप-लेकीनं." आतली बटणाएवढी बॅटरी काढून परत बसवली, तेव्हा ते पुन्हा मूळ वेगावर सुरू झालं. दर चाचणीनंतर तुम्ही मान पुढे काढून विचारायचात, "ॲव्हरेज किती देऊन राहिली?" मी आकडा सांगायची आणि तुम्ही डिझेलचं ऐकल्यासारखी मान डोलवायचात. पण चाचणीतली गाडी बघताना एकदा तुमचा चेहरा उतरला. "हिला चालवून कोण राहिलं?" "कोणीच न्हाई बाबा, तिची तीच चालते." "बिनाड्रायव्हरची गाडी," एवढंच म्हणालात.

गाडी धक्के मारायची थांबली तेव्हा मी कीबोर्ड तुमच्या मांडीवर दिला. बाकीच्या मोटारी सुसाट निघून गेल्या. तुम्ही डाव्या बाजूनं, एकसारख्या वेगानं चाललात. वळण आलं की बोटापेक्षा अंगच जास्त वळायचं. मधेच गाडी कडेला घेऊन थांबलात. मी म्हटलं, "बाबा, थांबू नका, शर्यत हाय." तर तुम्ही मान मागं वळवून म्हणता, "वारंगा फाटा, उतरा लवकर!" आई पदरात तोंड घालून हसत होती. तुम्ही शेवटून पहिले आलात. त्या दिवशी ताटात काही उरलं नाही.

आज हे लिहिताना तेच दिवस समोर येतात, पण ते फार नव्हते. उन्हाळा आला. वेग वाढवलेलं मशीन तापून मधेच बंद पडायला लागलं. एका दुपारी मी घरी येते तर कॅबिनेटचा पत्रा उघडा, टेबल फॅन पूर्ण त्याच्याकडे वळवलेला, आणि तुम्ही बनियनवर घामानं भिजलेले, टॉवेलनं मान पुसत खेळताय. आई म्हणाली, रोजचंच आहे हे, सांगून ऐकत नाहीत. मी रागावले. पंखा तुमच्याकडे फिरवला. तुम्ही हात लांबवून तो परत तिकडे वळवलात. "त्याला गरम झालं की ते बंद पडतं. मला कुठं बंद पडायचंय?" मी गुपचूप सेटिंग उघडलं आणि वेग थोडा खाली आणला. पुढच्या वळणावर गाडी किंचित अडखळली. तुम्हाला कळलं असणारच, पण तुम्ही टॉवेलनं मान पुसून गाडी पुढे काढलीत.

पावसाळ्यात जखम पुन्हा उघडली आणि वर चढायला लागली. नांदेडच्या दवाखान्यात न्यायला जीप केली, तेव्हा पुढच्या सीटवर बसायचा हट्ट धरलात. अर्धापूर येईपर्यंत रस्त्यावरून नजर काढली नाहीत. ड्रायव्हर पोरसवदा होता, त्याला एवढंच म्हणालात, "दमानं घे, खड्डे हायेत." त्याच रस्त्यानं परत आणताना तुम्हाला मागच्या बाजूला आडवं ठेवलं होतं. मी तुमच्या डोक्याशी बसले होते आणि जीप हलली की डोकं आपटू नये म्हणून हात खाली धरून होते.

मी आता पुण्यात नोकरी करते. नव्या मशिनांचा वेग तपासायचा, हेच माझं काम. आकडे इतके मोठे येतात की गाडी अडखळत नाही, रस्त्याकडेचं गवतसुद्धा एकेक पात्यानं हलतं. शेजारच्या टेबलावरची मंडळी टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. आई माझ्याकडेच असते. तुमचा विषय निघाला की तुमची वाक्यं ती अजून जशीच्या तशी बोलून दाखवते. मी मान हलवते, हसते. हा कागद तिला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला सांगायची नाहीये. वर तुम्ही जे जे बोललात ते मी लिहिलं, शब्द सगळे बरोबर आहेत. पण तुमचा आवाज, बाबा, तो मला आता आठवत नाही.