एका कॉन्शस टॉवेलची वाटचाल

१ जानेवारी २०२५, सकाळी

राजीनामा दिला. सात रस्ता चौकातल्या विमा ऑफिसात माझ्यासारख्याने सहा वर्षं काढली, हेच पुष्कळ झालं. गुरुशांत साहेब म्हणाले, मेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो, बघ. बिचारे. मोठी स्वप्नं त्यांना सोसत नाहीत.

संकल्प : सोलापूरला एथिकल फॅशनच्या नकाशावर नेणे. ब्रँड : 'मृदा, द कॉन्शस टॉवेल'. सुती. डाळिंबाच्या सालीचा रंग. केमिकल शून्य.

लूमवाले शेठ म्हणाले, लूमवरून उतरलेला टॉवेल सोडा टाकून उकळून घ्यावा लागतो. मी म्हणालो, सोडा म्हणजे केमिकल. उकळणं म्हणजे पृथ्वीवर अत्याचार. तसाच द्या. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? माणसं बदलाला फार घाबरतात.

४ जानेवारी

माल आला. बेडरूममध्ये ठेवला. आता बेडरूममध्ये माणूस मावत नाही. मी आणि बायको चैताली हॉलमध्ये, आई-आप्पांच्या शेजारी. आप्पा होटगीला रेल्वेत होते. घोरणंही इंजिनाच्या तोडीचं.

चैतालीने अट घातली. बुद्धपौर्णिमेपर्यंत एक तरी गिऱ्हाईक टॉवेल वापरून दुसरा मागायला आलं पाहिजे. नाहीतर बेडरूम रिकामी, आणि मी सात रस्त्याला. मी लगेच हो म्हणालो. एक? मला दया आली तिची.

७ जानेवारी

आंघोळीच्या हंड्यात साली भिजवल्या. रंग आला. प्रत्येक टॉवेलवर वेगळा, काही टॉवेलांवर तर चार-चार. यालाच कॅरेक्टर म्हणतात.

आप्पांनी एक उचलून विचारलं, ह्ये पोतेरं कुणी हितं टाकलं? त्यांचा सौंदर्याशी संबंध रेल्वेच्या हिरव्या झेंडीपुरता.

संध्याकाळी आप्पांचं बनियन पिवळं निघालं. माझे हातही पिवळे. चैताली स्टाफ नर्स असल्यामुळे तिने माझं रक्त तपासून आणलं. कावीळ नाही. पाण्याचा नवा हंडा आणावा लागला.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर स्टॉल. शेजारी वड्याची गाडी. तिकडे रांग, इकडे शांतता. शांतता हीच आमची यूएसपी.

पहिला ग्राहक : गुरुशांत साहेब! वहिनींना घेऊन वडे खायला आले होते. आत टाकायच्या चिठ्ठीवर मी सही केली, 'माझ्या पहिल्या ग्राहकास, यशपाल'. टॉवेल हातकागदात गुंडाळला, सुतळी बांधली. साहेब सुतळी न सोडता म्हणाले, पॅकिंग छान आहे की. पारखी माणूस. ऑफिसात उगाच वाया जातोय.

संकल्प : यापुढे जाणीव नसलेल्यांना टॉवेल विकणार नाही. (दिवसभरात तसे कोणी आलेही नाहीत.)

१६ फेब्रुवारी

दुधनीला चैतालीच्या चुलतभावाचं लग्न. आहेर सुरू झाला. टॉवेल-टोपी, टॉवेल-टोपी, आणि अचानक हातकागद, सुतळी. माझा टॉवेल! नवऱ्यामुलाच्या मामाला दिला कोणीतरी. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

ब्रँड कर्नाटकच्या वेशीपर्यंत गेला. आणि माझं मार्केटिंग शून्य!

मामांना गाठून विचारलं, कसा वाटला? म्हणाले, लई छान हाय की, पुढच्या लग्नाला हुईल. म्हणजे ॲडव्हान्स ऑर्डरच. चैतालीला सांगितलं. ती म्हणाली, सुतळी कुठं सोडलीय त्यांनी. नर्स लोकांना बारीकसारीक बघायची सवय असते.

९ मार्च

होटगीला आप्पांच्या जुन्या सहकाऱ्याची, धनाजीकाकांची वास्तुशांत. तिथेही 'मृदा'! सुतळी थोडी मळलेली, कागदावर हळदीकुंकवाचं बोट. ग्राहक आपापल्या परीने पॅकेट सजवतायत. गाठ मात्र तशीच. वस्तूला एवढं जपणारा समाज दुसरीकडे नसेल.

आईनेही बल्क ऑर्डर दिली. म्हणजे विचारलं नाही, बेडरूममधून वीस उचलून आहेराच्या ट्रंकेत ठेवले. म्हणाली, दोन वर्षांची काळजी मिटली. आहेरात आलेलं कोणाला द्यायचं नि ज्याचं त्याला परत कसं जाऊ द्यायचं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं. तेवढं चुकलं की नात्यात कायमचं हसू होतं.

मागणी पाहून दुसरा लॉट मागवला. तो स्वयंपाकघरात.

२० एप्रिल, दुपारी

चैताली रात्रपाळी करून आली. हॉलमध्ये आप्पांचा टीव्ही, स्वयंपाकघरात टॉवेलांच्या थप्प्या आणि आई. ती बेडरूमच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. मग रडायला लागली. म्हणाली, मला तुझा ब्रँड नको, यशपाल, चार तास झोप पाहिजे. लग्न करून माणसात आले आणि गोडाऊनमध्ये राहतेय.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी तिला दोन थप्प्यांवर गादी टाकून दिली. तिने गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मैत्रिणीकडे झोपायला गेली.

थोडंच राहिलंय. एवढ्या लग्नांत फिरलेला माल. एक तरी माणूस आंघोळ करतच असेल.

११ मे

उद्या बुद्धपौर्णिमा. विहारात तरुण उद्योजक म्हणून माझा सत्कार! मंडळाचा अध्यक्ष संघपाल माझा वर्गमित्र, पण तो भाग वेगळा. भाषण तयार आहे. भाषण संपलं की गर्दीतून कोणीतरी उठणार, म्हणणार, अजून एक द्या. चैतालीने फक्त पहिल्या रांगेत बसायचं.

१२ मे

सत्कार झाला. फुलं, टोपी आणि एक पॅकेट. हातकागद. मळकी सुतळी. हळदीकुंकवाचं बोट.

लोक म्हणाले, उघडा की. सुतळी सुटेना. आप्पांनी दातांनी तोडली. आतून चिठ्ठी पडली. आप्पांनी माइकवरच वाचली : 'माझ्या पहिल्या ग्राहकास, यशपाल'.

आख्खं विहार हसलं. संघपाल म्हणाला, मला मेहुण्याच्या लग्नात आला होता, मंडळाच्या कपाटात टाकला होता. आई कपाळावर हात मारून म्हणाली, कुणाचं कुणाला द्यावं, एवढंही कळंना का रे तुला! चैताली हसली नाही. तिने हसायला पाहिजे होतं.

भाषण केलं नाही. गर्दीतून कोणी उठलं नाही.

१३ मे, सकाळी

निदान आपण तरी वापरावा म्हणून त्याच टॉवेलने अंग पुसलं. पाणी टिपेना. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं टॉवेलवरून ओघळत राहिलं. उलटा करून पाहिला. शेठनी सोडा टाकून उकळायला सांगितलं होतं, ते आठवलं. मग चैतालीला हाक मारली. तिने दाराच्या फटीतून आमच्या लग्नातला जुना टॉवेल दिला.

साहेबांना फोन केला. म्हणाले, खुर्ची आहे, सोमवारी ये. आणि येताना तो तुझा एक टॉवेल आण.

दुसरा टॉवेल! पहिल्याच ग्राहकाकडून! अट पुरी झाली. मी तसाच ओला धावत चैतालीला सांगायला गेलो. ती आणि आई थप्प्या ट्रंकेत भरत होत्या. बेडरूमची फरशी दिसायला लागली होती. चैतालीने विचारलं, वापरायला मागितला की द्यायला?

परत फोन केला. साहेबांच्या मेव्हणीचं लग्न आहे.

चैतालीने साहेबांसाठी एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला, बेडरूममध्ये गादी अंथरली, आतून कडी लावली आणि झोपली. आप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी हॉलमध्ये बसलोय. केस अजून ओले आहेत.