सुपारीआधी काढलेले तिकीट

लंडन, ८ मार्च १९९६

सौ. अंजनास अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठणठणीत. तिकिटांच्या दुकानात इंग्रज गिऱ्हाईक आता मलाच शोधत येते. जुन्नरच्या बाजारात संध्याकाळी मेथी उतरत्या भावाने जाते ना, तसेच इथे विमानाच्या तिकिटांचे. न खपलेल्या जागा कंपन्या आम्हाला स्वस्तात देतात. जाहिरातीत आम्ही नुसता भाव छापतो, कंपनीचे नाव नाही. असले तिकीट बदलून मिळत नाही, परतही घेत नाहीत. म्हणून प्रत्येकाला मी आधी बजावतो, "घरी विचारून या."

माझेही तसलेच काढले, मॉस्कोवरून. आपल्या अश्विनीच्या लग्नाची जी तारीख धरली होती, तिच्या आदल्या दिवशी पोचतो. आणि आज तुझे पत्र, की मुलाकडचे पावणे आठवडाभर आधीचा मुहूर्त मागतात! सुपारी फुटायच्या आधीच तिकीट काढले म्हणून हसू नकोस. तुझ्या दादाभाऊला लगेच पारगावला पावण्यांकडे धाड. म्हणावं, "राव, पंचांगात मुहूर्त लई हायेत, नवरीच्या बापाला दुसरं तिकीट न्हाई."

आईचे गुडघे कसे आहेत? तिच्यासाठी लोकरीचे मोजे घेतलेत. अश्विनीला सांग, बापाची बॅग भरून तयार आहे.

तुझा,
हौशीराम