तेरावा ट्रे

३ तारीख, सोमवार. दुपारी ४.

माझं आयुष्य आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बदललं. घड्याळ बघितलं होतं, म्हणून नक्की सांगतो. अर्थशास्त्राचा तास. खडूने फळ्यावर कमानीसारखी रेषा काढली. (खडू म्हणजे आमचे सर. बाह्यांवर खडू, मिशीत खडू, चष्म्यावर खडू.) एका बाजूला लिहिलं पाव, दुसऱ्या बाजूला केक. मग माझ्याकडे वळून म्हणतो, तुमच्या मामांची बेकरी आहे ना, भट्टीत बारा ट्रे बसतात, बाराही पावाचे लावले तर केकचे किती?

मी उभा राहिलो. म्हणालो, "केकचा तेरावा लावीन."

वर्ग हसला. खडू म्हणाला, या रेषेच्या बाहेर जाता येत नाही, बसा खाली. मी म्हणालो, वर्गाच्या बाहेर तर जाता येतं. आणि गेलो. कॉलेज सोडलं. कायमचं.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. दुसऱ्या बाकावरची ती माझ्यामागे धावत आली. दोन मजले. धापा टाकत म्हणाली, "अरे, बॅग राहिली तुझी." जिच्या मनात काही नाही, ती मुलगी कुणाची बॅग दोन मजले उतरवत नाही. त्यात डबा होता, भरलेला.

४ तारीख, मंगळवार.

आई बोलत नाही. बोलायचं ते भांड्यांकडून वदवून घेते. मामाने कॉलेजचं नावही काढलं नाही. दोनला ये, दोन म्हणजे दोन, एप्रन खिळ्याला आहे, एवढंच म्हणाला. मामाला माझी किंमत नाही. कळेल.

नवं वेळापत्रक: व्यायाम २ तास. बेकरी ९. अर्थशास्त्र, स्वतःचं स्वतः, खडूला खोटं पाडण्यासाठी, ४. तिचा विचार ३. झोप ८. जेवणखाण १.

रात्रीची भर: आईने वही वाचली. विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, सत्तावीस तास होतात, कुठले तीन कमी करतोस? नेमके तीन म्हणजे कुठले, ते मला बरोबर कळतं. ते होणार नाही.

६ तारीख, गुरुवार.

भट्टी उस्तादच्या ताब्यात आहे. बावीस वर्षं तिच्यासमोर उभा आहे, भुवया केव्हाच जळून गेल्यात. त्यामुळे चिडलाय की नाही ते कळत नाही. चिडलेला धरून चालावं.

त्याने सांगितलं, भट्टी दिवसातून एकदाच तापते. आत लाकडं जाळायची, निखारे ओढून काढायचे, मग जी धग साठली ती साठली. पहिल्या कडक आचेला पाव. ती उतरली की बिस्किटं. आणखी उतरली की केक. शेवटच्या कोमट धगीत टोस्ट सुकतात. मी विचारलं, हा क्रम ठरवला कुणी? म्हणाला, भट्टीने. या वृत्तीमुळेच धंदे मागे राहतात.

शिवाय दार. मी आत-बाहेर करताना दार उघडं राहतं, वारा येतो आणि फुगलेलं पीठ बसतं म्हणे. मग उस्ताद ओरडतो, "दार!" आज अकरा वेळा. पीठ एवढं नाजूक असेल तर त्यालाच पडदा लावा.

७ तारीख, शुक्रवार.

"दार!" नऊ वेळा. व्यायाम नाही. अर्थशास्त्र नाही. तिचा विचार: पाच तास. एका बाबतीत तरी मी रेषेच्या बाहेर आहे.

१० तारीख, सोमवार.

कॉलेजच्या फाटकापाशी गेलो. आत नाही, फाटकापाशी. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तिने मला बघितल्याबरोबर वही उघडली. पानावर २० हा आकडा, भोवती लाल चौकट, चौकटीखाली दोन रेघा. म्हणाली, "हे विसरू नकोस हं. वर्षातून एकदाच असतं." तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली.

वाढदिवस! स्वतःच्या तोंडाने कुठली मुलगी याहून जास्त सांगेल? वीस तारखेला केक. माझ्या हातचा. तीन मजली.

१३ तारीख, गुरुवार.

आज तेरावा ट्रे लावला. उस्ताद चहाला गेला होता. बारा बसले, तेरावा तोंडाशी तिरका घुसवला. बसला. फक्त भट्टीचं झाकण दोन बोटं उघडं राहिलं. दोन बोटं म्हणजे काही विशेष नाही. पण तेराही ट्रेमधले पाव पांढरेफटक निघाले, आजारातून उठल्यासारखे.

मामाने तेरा ट्रे बघितले, मला बघितलं, आणि सगळे पाव गोठ्यात पाठवले. प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. भट्टी अरुंद बांधली आहे. दोष गवंड्याचा.

१५ तारीख, शनिवार.

तिचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो: "२० ला चारच्या आत ये. दोन फोटो आण. सही तुलाच करावी लागेल."

तीनदा वाचला. वाढदिवसाला सही लागत नाही. फोटो आणि सही कुठे लागते, ते सगळ्या जगाला माहीत आहे. ही मुलगी तर थेट नोंदणी विवाहापर्यंत पोचली. घाई करतेय. पण धडाडी आहे. साक्षीदारांचं काय, ते तिने बघितलंच असेल.

मी उत्तर पाठवलं: आधी केक. चारला मला जमणार नाही, त्या दिवशी भट्टी माझ्या हाती आहे. तूच ये, पाचला.

तिचं उत्तर: "तुझी मर्जी."

मर्जी! घरात, वर्गात, बेकरीत, आजवर माझी मर्जी कुणी विचारली होती?

१७ तारीख, सोमवार.

भट्टी माझ्या हाती, हे खरं आहे. गुरुवारी उस्ताद दाढ काढायला जाणार, मामा गिरणीवर. मामा बोट दाखवून म्हणाला, "बारा ट्रे पाव. दुसरं काही नाही. दवाखान्याची गाडी पाचला येते. आजारी माणसं आहेत, त्यांना ताटावर बसवून ठेवायचं नाही." बेकरी चालते ती दवाखान्यावर, हे मामा मला लहानपणापासून ऐकवतो. मी हो म्हणालो. हो म्हणायला काही लागत नाही.

अडचण एकच. केकच्या आचेला साडेसहा वाजतात आणि ती येणार पाचला. म्हणजे केक पहिल्या आचेत गेला पाहिजे. तीन ट्रे पाव बाहेर ठेवायचे, त्या जागेत केक, मग केक निघाला की ते तीन ट्रे आत. कुणाचं काही जात नाही. खडूने एवढं साधं गणित कधी केलं नसेल.

१९ तारीख, बुधवार.

फोटो काढले. दोनऐवजी चार. कुरळे केस बसवायला पाणी, तेल, पुन्हा पाणी. फोटोवाला म्हणाला, हसू नका, फॉर्मला हसरा चालत नाही. मी म्हणालो, फॉर्म नाही, लग्न आहे. तर म्हणतो, मग तर अजिबातच हसू नका.

२० तारीख, गुरुवार. दुपारी ३.

आत नऊ ट्रे पाव आणि केक. मामा नाही, उस्ताद नाही. "दार!" नाही. शांतता. उद्योजकाला अशीच शांतता लागते.

३.२०. झाकण उघडून बघितलं. केक फुगतोय.

३.२५. पुन्हा बघितलं. वरून तपकिरी.

३.३०. काळा.

३.४०. केक काढला. वरून कोळसा, आतून पातळ, हलवला की हलतो. कोळसा खरवडून निघेल. राहिलेले तीन ट्रे आत लावले. इतक्या वेळा झाकण उघडल्यामुळे भट्टीत आता फक्त ऊब आहे. मागचं दारही उघडंच राहिलं होतं, आत्ता लक्षात आलं. तीन ट्रेंवरचं पीठ बसलंय. पुन्हा फुगेल. वेळ आहे.

४.३०. फुगलं नाही. आतले नऊ ट्रेही कच्चेच राहिले.

संध्याकाळी ६. बेकरीसमोरच्या कट्ट्यावर, वही गुडघ्यावर.

पाचला दवाखान्याची गाडी आली. ड्रायव्हरने एक पाव उचलून दाबला. दाबलेला दाबलेलाच राहिला. मग गाडी वळवून पुढच्या चौकातल्या बेकरीकडे गेला. तेवढ्यात मामा गिरणीवरून आला. त्यानेही एक पाव दाबला. मग स्टुलावर बसला आणि म्हणाला, उद्यापासून तो तिकडेच जाईल. मला नाही, भट्टीला म्हणाला.

आणि मग ती आली. मी केकवर पांढरं क्रीम थापून कोळसा झाकला होता. म्हणालो, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तिने मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय ते. म्हणाली, "कुणाचा? माझा उन्हाळ्यात असतो." मी खिशातून चार फोटो काढले.

तिने फोटो बघितले आणि तिचा आवाज चढला. "हे आत्ता देतोस? चारला फॉर्मची मुदत संपली. परीक्षेचा फॉर्म! वर्ष गेलं तुझं."

पिशवीतून एक कागद काढून तिने टेबलावर ठेवला. माझं नाव, वर्ग, विषय, सगळं भरलेलं. फोटोची चौकट रिकामी, सहीची जागा रिकामी. अक्षर खडूचं. कोपऱ्यात पांढरा अंगठा उमटलेला. सर साडेचारपर्यंत क्लार्कला थोपवून बसले होते, म्हणाली. दर पाच मिनिटांनी फाटकाकडे बघत होते.

मी विचारलं, "मग तू? तू कशासाठी आलीस?"

"सरांनी पाठवलं. हा कागद तुझ्याकडे राहू दे म्हणाले. पुढच्या वर्षी बघून भरता येईल."

मग तिने आईसाठी टोस्ट मागितले. आज टोस्टही नव्हते. धगच उरली नव्हती. तीही पुढच्या चौकाकडे गेली.

फळ्यावर रेषेच्या आत एक टिंब होतं, ते आत्ता आठवलं. खडू म्हणाला होता, इथे पावही कमी आणि केकही कमी, इथे कुणी मुद्दाम जात नाही. मी तेव्हा तिची वेणी बघत होतो.

मी एप्रन काढून खिळ्याला लावला. मामा वर बघेना. उस्ताद गाल सुजवून दाराशी बसला होता, तोंडात कापूस. मी त्याच्या शेजारून बाहेर पडलो. चार पावलं गेलो, तो ओरडेल म्हणून थांबलो. ओरडला नाही. मागे उद्याचं पीठ झाकून ठेवलेलं दिसत होतं.

परत फिरलो आणि दार लावून घेतलं.