चार चुली, चार गाड्या

आबा, तुम्ही गेलात तेव्हा विंझरच्या घरात एक चूल होती आणि गाडी एकही नव्हती. आता आम्ही चार भाऊ, चार चुली, चार गाड्या. थोरला कात्रजला, दुसरा नसरापूरला, मी भोरला, धाकटा वाकडला. घरटी तीन माणसं, धाकट्याकडे दोघंच. गाडी मात्र त्यानं सात जणांची घेतली. कशाला, विचारलं तर म्हणाला, "गावी आलो तर आय बसंल की." मला ते तेव्हाच खरं वाटलं नाही. वेगळं होण्याची गोष्ट कुणी तोंडानं काढली नव्हती. आधी थोरल्याची गाडी दारात आली, वर्षभरात त्याची चूल वेगळी झाली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक नव्या गाडीकडे मी संशयानं पाहत आलो. मुलांचे क्लास वेगळ्या वेळी, बायकांच्या सुट्ट्या वेगळ्या दिवशी, म्हणून एका गाडीत यायला जमत नाही, असं आम्ही सांगतो.

तुमच्या वेळचा देवीला निवद न्यायचा दिवस आठवतो. टेम्पो सांगितलेला आहे, मागे सतरंजी, वीस-बावीस माणसं, मधे निवदाची एकच पाटी. तुम्ही खालीच उभे. आई मागचं दार लावते, पुढच्या दाराला कुलूप घालते, किल्ली तुमच्या हातात देते, तिला वर चढवल्यावरच तुम्ही ड्रायव्हरला गाडी घ्यायला सांगता. एकदा मी घाई केली तर म्हणालात, "कुलूप लावणारं मानूस चढल्याबिगर गाडी हालत नसती."

यंदा पाट्या चार, कारण चूल तिथं निवद. आदल्या संध्याकाळी आईनं विचारलं होतं, पावसाळ्यात तिनं कुणाकडे राहायचं. गुडघे धरतात, मागच्या पावसात ती परड्यात पडली होती. थोरली वहिनी तांदूळ निवडत राहिली. पण सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार: देवीला जाताना आई ज्याच्या गाडीत बसेल, त्याच्याच घरी ती पुढे जाईल.

सकाळी गाड्या एकामागून एक निघाल्या. डोंगरावर निवद मांडताना धाकटा म्हणाला, "आय कुठाय?" थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसऱ्याकडे. "तुज्या गाडीत न्हाई व्हय?" असं प्रत्येकानं प्रत्येकाला विचारलं. कुणी दचकलं नाही. तेवढं मी नीट पाहून घेतलं.

परतलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती, पदर डोक्यावर, नवं लुगडं नेसून. रागावली नाही. म्हणाली, "दारात चार गाड्या, म्हनून म्या सकाळची यष्टी जाऊ दिली." मग दार उघडून तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला. पावसाळ्याचं पुन्हा विचारलं नाही. अजून ती विंझरलाच आहे, एकटी.

भावांवर संशय घेणं मला सोपं जातं. कुणी कुणाला पाहिलं, कुणाच्या काचा वर होत्या, हे मी कितीदा मनात जुळवून पाहिलं आहे. आबा, त्या सकाळी माझ्या मागे फक्त धाकट्याची गाडी होती. आरशात मला आई दिसली होती, कुलूप ओढून पाहत होती. माझ्या मागच्या सीटवर पोरगं एकटंच होतं, शेजारची जागा रिकामी होती. धाकटा घेईल, असं मनाशी म्हणून मी गिअर टाकला.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवतो आहे. तिथं ते आईच्या हाती लागणार नाही.