दोष हाकेचा नव्हता

ती. आई,

थोरलीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

परवा बेकरीत भट्टीचा भोंगा अचानक वाजला आणि मी पिठाच्या पोत्यांवर बेशुद्ध पडले. पडायलाही मऊ जागा शोधली बघ.

डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला. म्हणाल्या, "दचकलं की मज्जातंतू हृदयाला एकदम पळायला लावतात. तुमचं हृदय जन्मतःच दोन ठोक्यांमध्ये सावरायला जास्त वेळ घेतं, म्हणून ताल बिघडतो. हे घराण्यातून येतं." आता रोज गोळी घेते. दचकले तरी हृदय फार उधळत नाही.

मग मी बाबांचं सांगितलं. दुपारी झोपले होते, तू चहाला हाक मारलीस, ते दचकून उठले आणि गेलेच. तेव्हापासून तू कुणाला मोठ्याने हाक मारत नाहीस, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "हाक नसती तर कधीतरी दार आपटलं असतं. दोष हाकेचा नव्हता. आईंना कळवा."

धाकट्याचा आणि त्याच्या चिमुरडीचा कार्डिओग्राम लगेच काढून घे. टाळाटाळ केली तर कान पिळ त्याचा. तुझे गुडघे कसे आहेत?

आई, इतकी वर्षं हे ओझं एकटीने वाहिलंस. आता खाली ठेव.

तुझीच,
थोरली