पोटाकडचा तुकडा

आईस धाकटीचा नमस्कार.

मासे चिरून झाले, हात धुतले आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी लिहायला बसले आहे. माझा ताप उतरला. दोन वेळा नीट जेवते.

दादाची साखर उतरली का? पायाची जखम सुकली का? तू त्याला अजून पोटाकडचा तुकडा वाढतेस, असं वहिनीने कळवलं. आपल्या घरी तो आजाऱ्याचा मान. बाबांनाही शेवटपर्यंत तोच वाढलास. "तेल सुटलंय बघा, अंगी लागेल," म्हणायचीस.

आई, आपल्या नदीचे मासे इथे तपासायला आले होते. वरच्या अंगाचा कारखाना कधीच बंद पडला, पण त्याचं विष गाळात राहिलं आहे. ते माशाच्या चरबीत साठतं, मोठ्या माशात जास्त. नदीवर जगणाऱ्या आपल्या लोकांत साखरेचा आजार एवढा का, त्याचं हे एक कारण असू शकतं, असं आमच्या बाई म्हणतात. खात्रीने कोणी सांगत नाही.

तू म्हणशील, चार बुकं शिकली आणि नदीला नावं ठेवायला लागली. म्हण. पण दादाला पोटाकडचं देऊ नकोस. लहान मासा दे, चरबी काढून. तुझा यात काही दोष नाही.

मांजरीला काटे तरी मिळतात ना, की तेही दादालाच?

तुझी,
धाकटी

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी तुझं पार्सल आलं. मी तापातून उठले म्हणून तू सुके मासे पाठवलेस. सगळे पोटाकडचेच तुकडे आहेत.