खासदार तेबुरेआंची कबर

तारावा, १४ ऑगस्ट

प्रिय रेतिया वन्सं,
तुम्हाला आणि बेटावरच्या सगळ्यांना नमस्कार. तुम्ही पाठवलेले सुके मासे मिळाले. मुलं बरी आहेत. विहिरीचं पाणी पुन्हा खारट झालंय, पण चालतंय.

ह्यांची कबर घरासमोरच केली आहे. भोवती पांढरे दगड लावलेत. संध्याकाळी मी तिथे चटई टाकून बसते.

तुम्ही विचारलंत, बेटावर खणून ठेवलेली जागा बुजवायची का. म्हाताऱ्या मंडळींनी गावसभेच्या मानेआबात चटया अंथरून तुमच्या भावाची वाट पाहिली, हेही कळलं. मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं.

हे मास्तर होते, मुलं व्हायची होती, तेव्हा आमच्या घरात माणसं दोनच होती. खासदार झाले आणि बेटावरून जो कोणी इथे राजधानीत दवाखान्यासाठी, नोकरीसाठी आला, तो आमच्या फरशीवर झोपला. आपल्यात मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. खासदाराने तर मुळीच नाही. शर्ट गेले, सायकल गेली. सभागृहात हे बेटाच्या जहाजासाठी भांडले, ते मिळालंही. त्या भाषणांचे कागद वाचतच मी नीट वाचायला शिकले. घरी ते बोलायला सापडायचेच नाहीत.

शेवटच्या आठवड्यात शेजारचा बिरिमाका उशाशी येऊन म्हणाला, "वहिनी, खासदारांना आता थंडी वाजते म्हणे. मग पंखा मी नेऊ का?"

ह्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "दे गं. त्याच्या घरात मतं बरीच आहेत."

मी हसले आणि पंखा दिला. त्याच दुपारी हे मला म्हणाले, "मला घरी ने." घर म्हणजे तुमचं बेट. मी हो म्हटलं.

जहाज बिघडलंय, असं मी तुम्हाला रेडिओवरून कळवलं. वन्सं, ते बिघडलं नव्हतं. बेतिओच्या धक्क्याला ह्यांच्यासाठीच थांबवलं होतं. कप्तान दारात येऊन म्हणाला, "बाई, भरती उतरायच्या आत निघू या." मी सांगितलं, घरच्यांनी इथेच पुरायचं ठरवलंय. घरचे म्हणजे मी एकटी.

तिकडे नेलं असतं तर ते पुन्हा सगळ्यांचे झाले असते. मला ते एकदा तरी माझ्या दारात हवे होते, मागणारं कुणी नसताना.

आता फरशीवर कुणी झोपत नाही. मी कबरीशी बसते, पण त्यांच्याशी एक शब्द बोलायला तोंड उघडत नाही.

पत्र त्याच कप्तानाबरोबर पाठवते आहे. हवं तर त्याला विचारा.

"त्यांना माझ्याकडेच राहू द्या," असं मी आधी मागितलं, तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या कागदावर मी तेच लिहिलं होतं. तो फाडला. जागा बुजवू नका. तुम्ही मागा, वन्सं. मी देईन.

तुमच्या भावाला दारात अडवून बसलेली,
काएवा